मरियमच्या डोक्यामागची अक्षरं

इटालियन भाषेतला मी पाठ केलेला पहिला शब्द ‘मायाले’. म्हणजे डुक्कर. मिरजेहून निघताना एका मैत्रिणीच्या भावाने तो माझ्या वहीत लिहून दिला होता. त्याखाली दुसरा शब्द, ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी. हा ब्रेडमध्येसुद्धा असतो, पाकिटामागचं वाचल्याशिवाय घेऊ नकोस, असं त्याने बजावलं होतं. तो तिकडे राहून आलेला, त्यामुळे अम्मीचा त्याच्यावर पूर्ण विश्वास.

फ्लोरेन्समध्ये २०२२ च्या शरद ऋतूत पोहोचले तेव्हा पहिले काही आठवडे मी चित्रांपेक्षा पाकिटंच जास्त वाचली. सकाळी पोस्टात रांग लावून राहण्याच्या परवान्याचे कागद भरायचे, दुपारी वर्ग, संध्याकाळी दुकानात एकेक पुडा उलटा करून बघायचा. तिथला पाव अळणी असतो. तोस्काना प्रांतात पिठात मीठच घालत नाहीत. मी त्याच्यावर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी घालून खायचे. कॉफी उभ्याने प्यायची हेही लवकरच कळलं, कारण टेबलावर बसलं की बिल वाढतं. हिरवी मिरची आणि कोथिंबीर बांगलादेशी दुकानात मिळायची. तिथले काका माझं हिंदी ऐकून न मागता दोन मिरच्या जास्त टाकायचे.

मी चित्रकला शिकायला गेले होते, त्यातही लाकडी फळीवर चित्र काढायची जुनी पद्धत. आधी फळीला सशाच्या कातडीचा डिंक लावायचा. मग त्याच डिंकात जिप्समची पूड कालवून थरावर थर चढवायचे, घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करायचे, आणि मग अंड्याच्या पिवळ्या बलकात रंग खलून चित्र काढायचं. पहिल्याच आठवड्यात सामानाची यादी मिळाली. ती घेऊन मी दुकानात गेले. चपट्या ब्रशच्या खणावर लिहिलं होतं : ‘सेतोला दी मायाले’.

मायाले. माझा पाठ असलेला पहिला शब्द.

मी ब्रश खाली ठेवला आणि रिकाम्या हाताने परत आले. वाटेत डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडे चित्रकलेच्या कॉलेजात चार वर्षं आम्ही याच ब्रशला ‘हॉग हेअर’ म्हणत होतो. ‘दोन नंबरचा हॉग हेअर दे गं,’ असं हजार वेळा म्हटलं असेल. हॉग म्हणजे काय हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण तो शब्द माझ्यासाठी नुसता आवाज होता. अर्थ कळला तो परक्या देशात, तिसऱ्याच भाषेतून.

रात्री अब्बांना फोन केला. अब्बा बोर्ड रंगवतात. मिरज दवाखान्यांचं गाव, त्यामुळे डॉक्टरांच्या पाट्यांवर आमचं घर चाललं. मी घाबरत घाबरत ब्रशचं सांगितलं. पलीकडे आधी शांतता, मग हसू.

‘बेटा, घरातला तो चपटा ब्रश कशाचा होता असं वाटत होतं तुला?’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘सुरुवातीपासून. हात धुवायचो आणि नमाजला उभा राहायचो. तेव्हा दुसरा चांगला ब्रश मिळतच नव्हता.’

पण त्यांनी विषय तिथे सोडला नाही. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून आले. जुन्या हनफी फिकहच्या पुस्तकांत मोच्याला डुकराचा केस वापरायची सवलत दिलेली आहे, कारण चामडं शिवायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. ‘म्हणजे गरज होती म्हणून सवलत होती,’ अब्बा म्हणाले, ‘आता तुझ्याकडे नायलॉन आहे का ते बघ.’ नायलॉनचे होते. थोडे मऊ पडतात, पण अंड्याच्या रंगाला मऊच ब्रश लागतो. आमच्या सरांना सांगितलं तर त्यांनी कारणही विचारलं नाही. माझ्या घशाशी आठवडाभर अडकलेला घास असा दोन वाक्यांत खाली उतरला.

रमजान आला मार्च २०२३ मध्ये. तिसऱ्या रोज्याला साडेसहाच्या सुमारास इफ्तार झाली आणि चौथ्याला एकदम साडेसातच्या पुढे, कारण त्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे सरकली. सूर्य आपल्या वेळेलाच मावळला, पण पोटाला ते समजावणं कठीण गेलं. शहरात मिनार असलेली मशीद नाही. तळमजल्यावरच्या एका हॉलमध्ये मोरोक्को, सेनेगल, इजिप्त, बांगलादेश असे सगळे दाटीवाटीने बसायचे. त्याच दिवसांत वर्गात सोन्याचा वर्ख लावायचं काम चालू होतं. वर्खाखाली तांबड्या मातीचा थर असतो. त्याच्यावर तोंडाने वाफ सोडून तो ओलसर करायचा, मग वर्ख टेकवायचा. रोज्यात माझं तोंड कोरडं, वाफ येणार कुठून? शेजारची मुलगी काही न बोलता पुढे झाली आणि माझ्या फळीवर हाहा करून गेली.

२ एप्रिलला महिन्याचा पहिला रविवार होता. त्या दिवशी सरकारी संग्रहालयं मोफत असतात. ईस्टरच्या आधीचा रविवार असल्याने लोक ऑलिव्हच्या डहाळ्या हातात घेऊन चर्चमधून बाहेर पडत होते. मी उफ्फिझीच्या रांगेत उभी राहिले. सोनं बघायचं होतं, म्हणून जेंतिले दा फाब्रियानोच्या मोठ्या चित्रापाशी गेले. पाल्ला स्त्रोत्सी नावाच्या धनाढ्य सावकारासाठी त्याने ते १४२३ मध्ये केलं. बाळ येशूला भेटायला आलेले तीन राजे, मागे घोडे, शिकारी कुत्रे, माकडं, माणसांची ही गर्दी. मी मरियमच्या डोक्यामागच्या सोनेरी वलयाकडे बघत होते, वर्ख कसा बसलाय ते. आणि वाचू लागले.

वाचू लागले म्हणजे, ओठ आपोआप हलले. वलयात अरबी अक्षरं होती. उंच उभे अलिफ, लाम, खाली वळणं. मकतबमध्ये शिकवलं तसं मी एकेक जोडायला गेले, तर काहीच जुळेना. पुढे गेलं की शब्द तुटायचा. ती अरबी नव्हतीच. अरबीसारखी दिसणारी नक्षी होती.

नंतर वर्गात विचारलं तेव्हा समजलं की त्या काळच्या इटालियन चित्रांत हे पुष्कळ आढळतं. मामलुकांच्या इजिप्त-सीरियातून पितळी थाळ्या आणि कापड येत असे, त्यावरची अक्षरं चित्रकार बघून उतरवत. १४२२ मध्ये फ्लोरेन्सने व्यापाराच्या बोलणीसाठी कैरोला वकील पाठवले होते. त्यांतला एक फेलिचे ब्रांकाच्ची. त्याच्याच घराण्याच्या चॅपलमधली मसाच्चोची भित्तिचित्रं बघायला आज जग येतं. पूर्वेकडची लिपी म्हणजे पवित्र भूमीची लिपी, मरियमच्या गावची, असं त्यांना वाटत असावं, असं अभ्यासक म्हणतात.

वर्गातल्या मुलींना हसू आलं, की बिचाऱ्याला काय लिहितोय हेही कळत नव्हतं. मला हसता आलं नाही. मी सात वर्षांची असल्यापासून कुराण वाचते. दोनदा खत्म केलंय. अर्थ? काही दुआंचा, दोन-चार छोट्या सुऱ्यांचा. बाकी सगळं मी जेंतिलेसारखंच करत आले होते : आदराने, सुबक, अक्षर न अक्षर, आणि आत काय आहे ते माहीत नसताना. मुलींनी विचारलं, ‘तुमच्यात मरियम आहे?’ मी म्हटलं, आहे, तिच्या नावाची आख्खी सुरा आहे. ‘काय आहे त्यात?’ मी खजुराच्या झाडापर्यंत सांगू शकले. पुढे गप्प बसले.

त्या रात्री तिकडे तरावीह आटोपल्यावर अब्बांचा फोन आला. मी त्यांना वलयाचा मोठा करून काढलेला फोटो पाठवला होता. अब्बांना आपला एक जुना किस्सा आठवला. मिरजेत कर्नाटकातून पुष्कळ पेशंट येतात, म्हणून डॉक्टर कानडीतही पाटी मागतात. अब्बांना कानडी वाचता येत नाही; चिठ्ठीवर लिहून आणलेलं ते बघून उतरवतात. एकदा एक वळण राहून गेलं. आठवड्याने एका पेशंटने हसत दाखवलं, तेव्हा शिडी लावून पुन्हा रंगवावं लागलं. त्यानंतर अब्बा प्रत्येक चिठ्ठी आधी कुणाकडून तरी वाचून घेतात आणि अर्थ विचारतात.

फोटो त्यांनी बराच वेळ बघितला असावा. मग म्हणाले, ‘ह्याला अक्षर येत नाही. पण हात चांगला आहे. कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.’

दुसऱ्या दिवसापासून सहरीनंतर मी सुरा मरियम मराठी तरजुम्यासह वाचायला घेतली, रोज पाच आयती. अठ्ठ्याण्णव आयती आहेत. ईद झाली, वर्गातलं चित्र पूर्ण झालं, सुरा अजून बाकी होती. ती जूनपर्यंत पुरली, कारण अर्थ लागला की मी तिथेच थांबून राहायचे.