पान ४, बंद

बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. कट केला. लगेच परत आला. बाहेर येऊन उचलला.

"अरे, कम्प्युटर परत बंद पडला. एका मुलीचा फॉर्म भरत होतो. चौथ्या पानावर होतो."

"चालू करा परत."

"केला. पण फॉर्म पहिल्यापासून आलाय, आणि आता साइट उघडत नाय. वसतिगृहाचा फॉर्म आहे, आज शेवटची तारीख."

"व्हायरस असेल बाबा. रात्री बघतो," म्हटलं आणि आत गेलो.

रात्री मी बघितलं नाही.

मोखाड्यात एसटी स्टँडजवळ बाबांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर, एक डेस्कटॉप. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळं आता ऑनलाइन असतं. ऑनलाइन म्हणजे घरबसल्या, हे आम्हा पुण्यातल्या लोकांसाठी. पाड्यावरच्या माणसासाठी ऑनलाइन म्हणजे डोंगर उतरून रस्त्यापर्यंत चालायचं, भरेल तेव्हा सुटणाऱ्या जीपमध्ये बसायचं आणि बाबांच्या दुकानासमोरच्या बाकावर लाइटची वाट बघत थांबायचं. दिवस तर जातोच, शिवाय त्या दिवसाची मजुरीही जाते.

आणि तो डेस्कटॉप माझा होता. २०१५ साली इंजिनीअरिंगला नाशिकला गेलो तेव्हा पार्ट आणून मीच जोडलेला. नोकरी लागल्यावर लॅपटॉप आला, तसा तो गोणपाटात गुंडाळून एसटीनं मोखाड्याला पाठवला. बाबांनी त्याला हळदकुंकू लावून दुकानात बसवला होता.

वर्षभर मी फोनवरून त्याचा इलाज करत होतो. अँटिव्हायरस टाका. पंखा साफ करा. विंडोज नव्यानं टाका, त्यासाठी जव्हारहून एक मुलगा बोलावला, त्याचे पाचशे रुपये. काही झालं नाही. चौथ्या-पाचव्या वेळेला मी चिडून म्हणालो, "तुम्ही नीट शटडाउन करत नसाल." बाबा काही बोलले नाहीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या कामात बग आला की पहिला संशय वापरणाऱ्यावर घ्यायची सवय असते.

ऑगस्टमध्ये चार दिवस सुट्टी मिळाली. नाशिकहून त्र्यंबक, पुढे तोरंगणचा घाट, धुकं आणि पाऊस. घरी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसलो.

पहिल्यांदा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज आपल्या प्रत्येक घडामोडीची नोंद ठेवतं, ती तिथं दिसते. तिथं लाल खुणांची रांगच होती: कर्नल-पॉवर, ४१. ऐकायला भारदस्त, पण या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. का, ते ती सांगत नाही. सांगणार कशी? ही नोंद बंद पडताना होतच नाही, पुन्हा चालू झाल्यावर होते. चक्कर येऊन पडलेला माणूस शुद्धीवर आल्यावर म्हणतो, "मी पडलो होतो वाटतं," तसं. तपशिलात बगचेक कोड शून्य होता. म्हणजे निळा स्क्रीन वगैरे काही आलाच नव्हता. वीज गेल्यासारखं मशीन एका क्षणात थांबत होतं.

अशा वेळी संशयित ठरलेले असतात. पहिला, उष्णता. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी मशीन बंद करतो. तापमान बघितलं, काम चालू असताना साठच्या आत. बाबांनी पंखा माझ्यापेक्षा स्वच्छ ठेवला होता. दुसरी, रॅम. रॅम टेस्ट तीन तास चालवली, एकही चूक नाही. शिवाय रॅम बिघडली तर निळा स्क्रीन येतो, असं गुपचूप मरण सहसा येत नाही. तिसरी, वीज. पण मध्ये यूपीएस होता, म्हणून वर्षभर मी तिकडे बघितलंच नव्हतं.

"किती वाजता बंद पडतो, काही अंदाज?" मी विचारलं.

बाबांनी गल्ल्याखालून वही काढली. झेरॉक्सच्या हिशेबाची. त्यात मागच्या बाजूनं त्यांनी वर्षभर प्रत्येक वेळ लिहून ठेवली होती.

११.४०, बंद. झेरॉक्स चालू केली.
६.१५, बंद. गिरणी.
४.२०, बंद. झेरॉक्स.
६.३०, बंद. गिरणी. पाऊस.

मी वही वाचत राहिलो. विंडोजच्या नोंदीत फक्त वेळ होती. बाबांच्या वहीत त्या वेळेला खोलीत आणि शेजारी काय चाललं होतं, तेही होतं.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं?"

पुढचं काम सोपं होतं. बाजारातून मल्टिमीटर आणला आणि सॉकेटमध्ये लावला. २३० व्होल्ट असायला हवेत तिथं दुपारी २०५. संध्याकाळी शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली आणि आकडा १८० च्या खाली गेला. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे त्याच लाइनवरच्या बाकी सगळ्यांचं व्होल्टेज बसतं. झेरॉक्स मशीनचंही तसंच. शाई कागदावर वितळवून चिकटवणारा त्यातला रोलर तापवायला एकदम हजारेक वॅट लागतात. आणि आमच्याकडे झेरॉक्स आणि कम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते.

मग यूपीएस काय करत होता? कम्प्युटर काढून त्यावर साठचा बल्ब लावला आणि मेन स्विच बंद केला. बारा सेकंदांत अंधार. आतली बॅटरी केव्हाच संपली होती. या छोट्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षं टिकतात, आणि इथं लाइट इतक्या वेळा जाते की त्या कधी पूर्ण चार्जच होत नाहीत.

शिकलेला एक नियम पाळला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी झेरॉक्स वेगळ्या सॉकेटवर, मीटरपासून वेगळी वायर ओढून. त्या दिवशी एकदाच बंद पडला, संध्याकाळी, गिरणीच्या वेळेला. मग यूपीएसची बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली, यूपीएसनं टक आवाज केला, बॅटरीवर गेला, आणि कम्प्युटर तरीही बंद.

आता एकच उरला होता. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा.

मेनवरून बॅटरीवर जायला यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ एसएमपीएसनं आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. डोळ्याचं पातं लवायलाही याहून जास्त वेळ लागतो, पण तेवढं पुरतं. स्वस्तातला, म्हातारा झालेला डबा तेवढंही थांबत नाही.

मी कॅबिनेट उघडलं आणि मला ते बिल आठवलं. २०१५ मध्ये माझं बजेट ठरलेलं होतं. गेम खेळायला ग्राफिक्स कार्ड हवं होतं. दुकानदार म्हणाला होता, एसएमपीएस चांगला घे, पंधराशे जास्त जातील. मी म्हणालो, कॅबिनेटबरोबर फुकट येतो तोच राहू द्या. ग्राफिक्स कार्ड दोन वर्षांत जळून गेलं. फुकटचा डबा दहा वर्षं चालला, शेवटची काही वर्षं बाबांच्या दुकानात.

नाशिकहून नवा मागवला. हातात घेतल्यावर वजनातच फरक कळला. जुन्यावर २०० ते २४० व्होल्ट छापलं होतं, नव्यावर १०० ते २४०. जोडला. संध्याकाळी आम्ही दोघं गिरणीची वाट बघत बसलो. गिरणी घरघरली, बल्ब मंद झाला, यूपीएस टक वाजला. स्क्रीन तसाच. बाबांनी वहीत लिहिलं: ६.२०, गिरणी. चालू.

ती वही मी रात्री पुन्हा चाळली. जुलैमधल्या त्या तारखेवर आलो.

३.०५, मुलीचा फॉर्म, पान ४, बंद. झेरॉक्स.

फॉर्मला जोडायला तिच्याच उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढत होते ते. तिच्याच कागदासाठी मशीन तापलं आणि तिचा फॉर्म गेला.

"तिचं काय झालं?" मी विचारलं.

"तारीख गेली. आता जव्हारला कॉलेजला येऊन-जाऊन करते. एसटी आली तर."

एवढंच म्हणाले. फोनवर मी काय बोललो होतो, ते त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून बाबांनी एक पद्धत सुरू केली आहे. कुठलाही फॉर्म आधी कागदावर भरून घ्यायचा, मगच कम्प्युटरला हात लावायचा. दुधानं तोंड पोळलंय, ताक फुंकून पितायत. मी म्हटलं, आता गरज नाही, मशीन दुरुस्त झालंय. ते म्हणाले, "असू दे. लोकांना कळतं तरी, आपण काय भरतोय ते."

निघायच्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. बाबांनी डोळ्यानंच खुणावलं. पाठीवर सॅक, चप्पल चिखलानं भरलेली, एसटीच्या पासच्या फॉर्मसाठी आधारची झेरॉक्स हवी होती. मशीन तापेपर्यंत ती स्क्रीनकडे बघत उभी राहिली.

"आज नाय बंद पडला," ती बाबांना म्हणाली.

"माझा मुलगा आलाय. त्यानं दुरुस्त केला."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मला सांगायचं होतं की बिघडवलाही मीच होता. तोवर बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. दोन रुपये गल्ल्यावर ठेवून ती पळाली.