दामाजीच्या गावातला संग्रह

मंगळवेढ्यात राहून कशाचाही संग्रह करणे तसे धाडसाचेच. दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे हे गाव. इथे देऊळ आहे ते वाटणाऱ्याचे, साठवणाऱ्याचे नव्हे! आणि अशा गावात मी, मराठी शिकवून पोट भरणारा एक प्राध्यापक, घड्याळे जमवतो, तीही टायटॅनियमची.

तुम्ही म्हणाल, हे कसले खूळ? त्याची सुरुवात मनगटाच्या कातडीपासून झाली. घड्याळाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये निकेल असते, आणि उन्हाळ्यात घाम आला की काहींच्या कातडीला ते सोसत नाही. माझी कातडी त्यांतलीच. टायटॅनियमचा तसा जाच नाही. शिवाय पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट जड, तर हे साडेचारपट. फळ्यावर लिहिताना हातावर काही बांधले आहे याचा विसर पडतो. मौज अशी की वजन घटते तशी किंमत वाढते! भाजीबाजारात असा व्यवहार कुणी चालू देईल का? पण हा धातू खनिजातून सोडवणे जिकिरीचे, आणि कापताना तो हत्यारांची धार भराभर खातो. खनिज मात्र परके नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू सापडते, तिच्यात ते असते.

सध्या माझे मन दोन घड्याळांत अडकले आहे. एक ग्रँड सेइकोचे ‘स्नोफ्लेक’. तबकडीवर जपानातल्या बर्फाचा पोत, आणि सेकंदकाटा टिकटिक न करता पाण्यासारखा सरकत जातो. किंमत माझ्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. दुसरे सिटिझनचे, उजेडावर चालणारे. उजेडाची टंचाई मंगळवेढ्याला कधी पडलेली नाही! टायटॅनियमवर चरे लवकर उमटतात, म्हणून ही कंपनी त्यावर कठीण थर चढवते. टायटॅनियमचे पहिले मनगटी घड्याळ १९७० साली काढले तेही हिनेच.

हिच्याच साहाय्याने १९६१ साली एचएमटीची घड्याळे बंगळूरला बनू लागली. वडिलांचे चावीचे ‘जनता’ माझ्या डब्यात आहे. तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. तरी पेठेतले घड्याळजी आजही त्या घड्याळाचे झाकण उघडतात, तेल देतात. ‘स्नोफ्लेक’चे चित्र पाहून मात्र त्यांनी हात जोडले. “सर, हे आपल्याच्याने उघडायचे नाही.”

परवा मुलीने विचारले, “बाबा, यातले मला कोणते देणार?” मी ऐटीत सर्वांत महागाचे पुढे केले. तिने ते बाजूला ठेवले, आजोबांचे उचलले, चावी दिली आणि कानाशी धरून बसली.

तेव्हापासून निवडीची कसोटी बदलली आहे. घड्याळ किती हलके, काटा कसा सरकतो, हे सगळे खरे. पण उद्या ते कुणाच्या हातावर बांधता येईल? ‘स्नोफ्लेक’ आमच्या घरात कुलपातच राहील. सिटिझन मी वर्षभर वापरीन आणि मग ज्वारीच्या रानात राबणाऱ्या भाच्याला देईन.

सौभाग्यवतींचे म्हणणे, वाटायचेच तर घ्यायचे कशाला? त्यांना मी एवढेच सांगितले, की दामाजीपंतांनी खुले केले तेव्हा कोठार आधी भरलेले होते!