पुणे शोधताना सापडलेला पुण्यात्मा

आमच्या वाचनालयाची देणगीदारांची जुनी वही काही जणांनी हौसेने टाइप करून ठेवली होती. त्यातून नाव, गाव, रक्कम वेगळी काढायची म्हणून भाचीने मला पायथन ही संगणकाची भाषा उघडून रेगेक्सपुढे बसवलं. रेगेक्स म्हणजे हवा तो मजकूर कसा दिसतो याचा नमुना चिन्हांत लिहायचा, की संगणक तसा मजकूर शोधून देतो, एवढंच तिने सांगितलं.

रकमा सोप्या वाटल्या. [०-९]+ म्हणजे एक किंवा अधिक आकडे. ‘रु. १,२५०/-’ मधून ‘१’ वेगळा आणि ‘२५०’ वेगळा आला. चौकटी कंसात स्वल्पविराम घातल्यावर रक्कम जुळली. पण ‘सव्वाशे’, ‘पावणेदोनशे’, ‘अडीचशे’ यांत मुळात आकडाच नाही! त्यांची यादी मध्ये ‘किंवा’च्या उभ्या रेघा मारून हाताने लिहिली.

गावांनी मात्र घाम फोडला. वहीत पुणे ‘पुण्याचे’, ‘पुण्याहून’, ‘पुण्यात’ असं येतं, म्हणून पुण्या(चे|हून|त) असा नमुना केला. त्यात एका देणगीदाराच्या वडिलांचं ‘पुण्यात्मा’ हे विशेषणही अडकलं. भाची म्हणाली, “मामा, शेवटी शब्द संपल्याची खूण लाव.” लावली. तर ‘पुण्याचे’ गायब आणि ‘पुण्यात्मा’ जागेवर!

कारण कळल्यावर हसू की रडू झालं. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्सला अक्षर आणि आकडा हाच शब्दाचा भाग वाटतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत त्याच्या लेखी बाहेरचे. त्यामुळे ‘मुंबई’चे ‘म’ आणि ‘बई’ असे तुकडे पडतात. ‘पुण्यात्मा’तल्या ‘त’नंतर हलंत आला की त्याच्या मते शब्द तिथेच संपला, ‘चे’च्या मात्रेनंतर मात्र शब्द संपल्याचं त्याला दिसतच नाही. संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसनने १९६८ मध्ये नमुन्याची ही युक्ती मजकूर शोधायला वापरली, तेव्हा त्याला आपल्या वेलांट्यांशी काय देणंघेणं! शेवटी ती खूण काढून ‘पुढे देवनागरीतलं काही नको’ अशी अट घातली.

मग सातारा. ‘साताऱ्याचे’ काही पानांवर सापडे, काहींवर नाही. डोळ्यांना दोन्ही सारखंच. एकाने ‘ऱ’ला हलंत दिला होता, दुसऱ्याने साध्या ‘र’ला हलंत देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकलं होतं. आता शोधण्याआधी सगळे एका जातीचे करून घेतो.

नावांना अजून हात लावलेला नाही. ‘कै. मातोश्रींचे स्मरणार्थ त्यांचे चिरंजीव’ यात पैसे कुणी दिले ते मला कळतं. ते नमुन्याला कसं सांगायचं, हे भाचीची परीक्षा संपली की विचारणार आहे.