माहिती आणि ज्ञान

‘माहिती म्हणजे ज्ञान नव्हे,’ हे वाक्य मी वर्गात तीस वर्षे मोठ्या ऐटीने उच्चारीत आलो आहे. त्यामुळे दूरदर्शनवर सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा लागली की मी नाक मुरडतो. समोरून उठत मात्र नाही!

२०१९ साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये अमरावती जिल्ह्यातील एका शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बाई आल्या. मासिक प्राप्ती अवघी १५०० रुपये. एक कोटीचा प्रश्न निघाला: ‘दास्तान-ए-गदर’ लिहिणारे जहीर देहलवी कोणत्या मोगल बादशहाच्या दरबारी होते? मी घाईघाईने अकबराचे नाव पुटपुटलो. बाईंनी अचूक सांगितले: बहादुरशहा जफर.

‘गदर’ या शब्दातच १८५७ साल दडलेले होते, आणि त्या साली दिल्लीच्या तख्तावर जफरच होता. माझ्या ज्ञानाला हे सुचले नाही. कारण त्याला पुरवायला माहितीच जागी नव्हती. सौभाग्यवतींनी एकवार माझ्याकडे पाहिले. बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हापासून ते आवडते वाक्य ओठांवर आले की जीभ अडखळते. माहिती म्हणजे ज्ञान नव्हे, हे खरेच. पण रिकाम्या तिजोरीच्या धन्याने वैराग्याचा उपदेश करू नये!