पडद्यावरचा नकाशा

घराचा नकाशा काढता काढता कागदच नाहीसा झाला, असा प्रसंग टी-स्क्वेअरच्या काळातील आरेखकावर बहुधा आला नसेल. शाईची बाटली लवंडे, पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमट होऊन फुगे, चुकलेली रेघ पात्याने खरवडताना भोक पडे. पण जे बिघडे ते डोळ्यांदेखत बिघडे आणि बिघडविणाराही समोरच असे. १९६३ साली आयव्हन सदरलंड याने अमेरिकेत ‘स्केचपॅड’ नावाची योजना सिद्ध करून प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघा ओढून दाखविल्या, आणि पुढे वीस वर्षांच्या आत ती विद्या मेजावरच्या संगणकात उतरली. आज अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत कोठेही घर बांधावयाचे तर त्याचा नकाशा बहुधा कॅडवरच निघतो. कॅडचे गुण सर्वांस ठाऊक आहेत. तिचा एक अवगुण मात्र तिच्याशी रोजचा संसार करणारेच जाणतात. कोणतीही पूर्वसूचना न देता ती कोसळते, दिलगिरीचा चार ओळींचा मजकूर पडद्यावर येतो आणि तासाभराचे काम अंतर्धान पावते. यास सारे ‘क्रॅश’ म्हणतात. आम्हीही तसेच म्हणू, कारण प्रतिशब्द शोधण्याइतके स्वास्थ्य त्या वेळी कोणासच नसते.

क्रॅश झाला म्हणजे कचेरीत निदानांचा पाऊस पडतो. एक म्हणतो व्हायरस असेल, दुसरा विजेच्या दाबास दोष देतो, तिसरा समुद्राच्या खाऱ्या हवेस, आणि दुरुस्तीस आलेला गृहस्थ हटकून सांगतो की संगणक जुना झाला, नवा घ्या. गंमत अशी की यांतील एकही निदान सर्वथा खोटे नसते. आमच्या किनाऱ्यावर खारी दमट हवा संगणकाच्या आतल्या संपर्कांस गंज चढविते, आणि पंख्यात धूळ साचून यंत्र तापते हेही खरे. परंतु कोठेतरी खरे असणे निराळे आणि येथे खरे असणे निराळे. सबंध यंत्रच बंद पडले तर उष्णतेचा वा विजेचा संशय रास्त होय. गाणे चालू आहे, पत्रे टंकता येतात, आणि केवळ कॅडच पडते, तर विजेस दोष कशाला द्यावा? बहुधा दोष त्या प्रोग्रॅममध्ये किंवा पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये असतो. आणि इतर सर्व ड्रॉइंगे सुखाने उघडतात, एकच उघडताना घात होतो, तर शोध त्या फाईलीतच घ्यावा. आमच्या नैयायिकांनी यास अन्वय आणि व्यतिरेक अशी नावे देऊन ठेविली आहेत: हे असता ते असते, हे नसता ते नसते.

हे ज्यांस कोरडे तर्कशास्त्र वाटेल त्यांनी अलिबागेची चुंबकीय वेधशाळा आठवावी. मुंबईत कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद एकोणिसाव्या शतकापासून चालू होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया विचलित होतील हे उघड झाले. म्हणून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली, तीही चुंबकास न खुणावणाऱ्या साहित्याची. आम्हांस विशेष वाटते ते पुढील गोष्टीचे. नवी सुरू होताच त्यांनी जुनी बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी बरोबरीने घेतल्या, म्हणजे जागा बदलल्याने पडलेला फरक कोणता आणि खुद्द पृथ्वीने केलेला कोणता, हे निवडता यावे. दोन गोष्टी एकदम बदलावयाच्या नाहीत, हा नियम पाळणारा मनुष्य आम्हांस संगणकाच्या दुकानात अद्याप भेटावयाचा आहे.

या नियमाची खरी कसोटी रेवदंड्याच्या एका घराने पाहिली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, घराचे छप्पर गेले, आणि सत्तरी उलटलेले मालक व त्यांची पत्नी पडवीत निळी ताडपत्री बांधून राहिली. पुढल्या पावसाळ्यापूर्वी छप्पर चढलेच पाहिजे, आणि त्यासाठी नकाशा मंजूर झाला पाहिजे. घराचा नकाशा आम्ही सिद्ध केला. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे भरतीरेषेपासूनचे अंतर दाखविणे प्राप्त होते, म्हणून मोजणीदाराचे ड्रॉइंग त्यास जोडले; आणि त्या दिवसापासून फाईल पडद्यावर जरा इकडची तिकडे सरकविली की क्रॅश. दर खेपेस नाहीसे झालेले काम परत मिळविण्याची युक्ती आहे: प्रोग्रॅम मागची प्रत ‘बॅक’ अशा शेपटाने बाजूस ठेवितो, ते शेपूट बदलले की ती उघडते. पण हा उपचार झाला, निदान नव्हे. मालक दोनदा येऊन रिकाम्या हातांनी परतले. तिसऱ्या खेपेस म्हणाले, “अहो, कागदावर जे घर उभे राहीना, ते जमिनीवर कसे राहायचे?”

अशा वेळी अर्ध्याअर्ध्याने शोधणे ही नामी रीत आहे. ड्रॉइंगाचा अर्धा भाग नव्या फाईलीत न्यावा. क्रॅश झाला तर दोष याच अर्ध्यात, न झाला तर उरलेल्यात. मग त्याचेही अर्धे. दहा वेळांत हजार वस्तूंतून एक हाती लागते. येथे मात्र रीतीने दगा दिला. घर एकटे ठेविले, बिघाड नाही. मोजणी एकटी ठेविली, बिघाड नाही. दोन्ही एकत्र आली की घात. अर्ध्याअर्ध्याची रीत गुन्हेगार एकच आहे असे गृहीत धरते. दोघे निर्दोष भेटून अपराध घडतो, तेव्हा ती हतबल होते.

उलगडा झाला तो आकडे वाचल्यावर. मोजणीदार आपली जमीन सबंध पृथ्वीच्या मापाने मांडतो. त्या मापाने आमचा किनारा आरंभबिंदूपासून उत्तरेस वीस लाखांहून अधिक मीटर दूर पडतो. घर त्याच्या जागेवर बसविताना तेही तितकेच दूर गेले. प्रोग्रॅम आपल्या पोटात पंधरा आकड्यांपर्यंत हिशेब ठेवितो, परंतु चित्र उमटविणारे कार्ड बहुधा सातांच्या आसपासच थांबते. ते सात वीस लाखांचा आकडा लिहिण्यातच संपतात आणि सेंटिमीटरांस जागा उरत नाही. चिऱ्याच्या भिंतींत भरलेल्या हॅचच्या बारीक रेघा तितक्या दुरून आखू जाता त्यांची त्रेधा उडे आणि प्रोग्रॅम कोसळे. संगणक जुना नव्हता, हवा खारी होती पण निरपराध होती.

मग आम्ही घर जमिनीकडे नेण्याऐवजी जमीनच घराकडे आणली. मोजणीचे ड्रॉइंग ठरावीक गोल आकड्याने सरकवून आरंभबिंदूजवळ ठेविले आणि तो आकडा कोपऱ्यात लिहून ठेविला, म्हणजे पुढे कोणास मूळ जागा हवी तर परत जाता यावे. फाईल दिवसभर उघडी राहिली, सरकविली, छापली. एकदाही पडली नाही. हॅच तोच, मोजणी तीच, संगणक तोच; बदलले ते केवळ अंतर. मालकांस हे सांगितले तेव्हा त्यांनी फक्त भरतीरेषेचे अंतर बदलले तर नाही ना, इतकेच विचारले. ते बदललेले नव्हते. दोन्ही छाप एकावर एक ठेवून त्यांस दाखविले.

नकाशा वेळेवर मंजूर झाला. मे २०२१ च्या मध्यास तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकले, तेव्हा रेवदंड्याच्या घरावर छप्पर चढलेले होते. मागच्या पडवीची दोन कौले उडाली, एवढे त्यांनी वीज आल्यावर फोन करून कळविले.