आधी पाहा, मग बसवा

'हायकू' म्हटले की आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना शिरीष पै आठवतात. या नावाची एक संगणकप्रणालीही आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. 'बीओएस' ही प्रणाली करणाऱ्या अमेरिकन कंपनीने २००१ साली कारभार आटोपता घेतला, तेव्हा चाहत्यांनी तशीच प्रणाली निव्वळ हौसेने पुन्हा लिहायला घेतली. बीओएसच्या ब्राउझरमध्ये अडचणीचे संदेश हायकूच्या रूपात येत, त्यावरून २००४ साली हे नाव पडले.

ही प्रणाली लोकांना दाखवण्यासाठी आम्ही काही जणांनी डीव्हीडी तयार करायचे ठरवले. तांत्रिक बाजू मित्रांकडे होती. सोबतचा मराठी कागद माझ्याकडे आला. पण जे आपल्याला समजले नाही, ते दुसऱ्याला कसे सांगणार? म्हणून आधी मीच शिकले.

बंद पडलेला औष्णिक संच सुरू करायला पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या फिरवाव्या लागतात आणि त्यासाठी वीज बाहेरून घ्यावी लागते, हे ऊर्जानगरात कुणाला सांगायला नको. संगणकाचेही तसेच. प्रणाली मेमरीत आणायला आधी काहीतरी चालू असावे लागते. मदरबोर्डवरचा छोटासा प्रोग्रॅम ती पहिली वीज पुरवतो. १९९५ च्या 'एल टोरिटो' संकेतानुसार तो डिस्कच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये पाहतो. तिथे पुढचा पत्ता मिळतो, मग लोडर, मग कर्नेल आणि शेवटी पडद्यावर चित्र. डीव्हीडीवर काही लिहिता येत नाही, म्हणून आपण केलेले बदल मेमरीत राहतात आणि संगणक बंद केला की नाहीसे होतात.

शेजारच्या काकूंच्या जुन्या संगणकात ती डिस्क घातली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "यातले फोटू तर नाही ना जाणार, बाप्पा?"

माझा कागद त्या प्रश्नावरून लिहिला गेला. सुरुवातीला हायकू विचारते: नुसते पाहायचे, की संगणकात बसवायचे? 'पाहा' याखाली मी लिहिले, "तुमच्या फायलींना तुम्ही स्वतः हात लावला नाही, तर त्या आहेत तशाच राहतील." 'बसवा' याखाली लिहिले, "यासाठी हार्डडिस्कचा जो भाग नव्याने तयार कराल, त्यातले सारे पुसले जाईल. आधी प्रत काढून ठेवा." सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली आवृत्तीही बीटाच, म्हणजे चाचणीचीच होती, हेही लिहिले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आजवर आमच्या पुढ्यात आलेल्या प्रत्येक फॉर्मवर सही आधी झाली, अर्थ मागाहून कळला. या डिस्कमध्ये क्रम उलटा आहे. मला तिची खरी रचना हीच वाटते.

काकूंनी तासभर सारे उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "चांगलं हाये, पण राहू दे." आम्ही डिस्क काढून घेतली. फोटो जागच्या जागी होते.