मुरमाची वाट

रविवार, पौष. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलीय. मी मात्र अंधारातच सायकल गाडीत टाकून बार्शी गाठली आणि येडशीच्या अंगाला एका पाणंदीला लागलो.

डांबर सुटलं की आधी कान मोकळे होतात. मागून हॉर्न नाही, फक्त चाकाखाली करकरणारा मुरूम. टायरमधली थोडी हवा सोडली, तसे हादरे मऊ झाले. दोन्ही अंगांना हुरड्यात आलेली ज्वारी. पावसाळ्यात इथली काळी माती चाक जागेवरच धरून ठेवते. म्हणून माझ्या लेखी ही वाट हिवाळ्याचीच.

बालाघाटाचा चढ लागला तशी ज्वारी मागे राहिली आणि झाडी दाटत गेली. सोलापूरकराला डोंगर आणि रान एकत्र बघायला मिळणं म्हणजे सणच! ह्याच मुलखात एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे धावायची. अडीच फुटी रुळांची ती गाडी १८९७ साली बार्शीला आली, १९११ साली लातूरला पोचली. चढावर धापा टाकताना मला हटकून तिचं इंजिन आठवतं. आता तिथं ब्रॉडगेज आहे.

रामलिंगच्या देवळाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. सीतेसाठी लढून घायाळ झालेला जटायू इथेच पडला, असं मानतात. भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडली, तर वानरं हळूहळू जवळ सरकली. अर्धी भाकरी पुन्हा पिशवीत ठेवली. त्यांना खायला घालू नये, हे मी कटाक्षाने पाळतो. उताराला वारा पाठीशी होता.